सात बेटांवर शहर वसवणारा गव्हर्नर

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यातला एखादा जमिनीचा दावा अपिलात वरपर्यंत गेला, तर तो नागपूरला जाऊन पोहोचतो. खंडपीठ नागपूरचे, पण पाटीवरचे नाव मात्र मुंबई उच्च न्यायालयाचे. वणी-मारेगावच्या काळ्या मातीतला कापूस एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या वाटेला लागला, तोही मुंबईच्याच बंदरातून. विदर्भातल्या माणसाला मुंबई अशी दुरून, कागदातून आणि बाजारभावातून भेटत आली आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी मात्र या मुंबईला न्यायालय नव्हते, टांकसाळ नव्हती आणि सांगण्याजोगा व्यापारही नव्हता. होती ती माडांची आगरे, भातखाचरे, कोळीवाडे आणि भरतीच्या पाण्याने एकमेकांपासून तुटणारी सात बेटे. या बेटांवर मोठे शहर होऊ शकते, हे ज्याने सर्वात आधी ओळखले आणि त्यासाठी आयुष्याची शेवटची आठ वर्षे वेचली, तो जेराल्ड ऑन्जियर मुंबईकरांच्याही फारसा स्मरणात उरलेला नाही.

ऑन्जियरचे घराणे आयर्लंडमधील लॉंगफर्डच्या उमरावांचे. त्याचा थोरला भाऊ फ्रान्सिस हा पुढे अर्ल ऑफ लॉंगफर्ड झाला. या फ्रान्सिसने डब्लिनमध्ये १६६० च्या दशकात एक ऐसपैस रस्ता आखून नवी वस्ती उभी केली. धाकट्या भावाच्या वाट्याला किताब येणार नव्हता. त्या काळातील अनेक उमरावपुत्रांप्रमाणे त्याने ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी पत्करली आणि तो सुरतेच्या वखारीत दाखल झाला. एका भावाने शहर आखले ते स्वतःच्या जमिनीवर. दुसऱ्याने आखले ते मालकांनी नाखुशीने घेतलेल्या जमिनीवर.

ही नाखुशी समजून घेतल्याशिवाय ऑन्जियरच्या कामाचे मोल कळत नाही. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाह करताना १६६१ च्या तहाने मुंबई मिळाली. मात्र राजाचे आरमार १६६२ मध्ये बेट ताब्यात घ्यायला आले, तेव्हा पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ते देण्यास नकार दिला. अब्राहम शिपमन आणि त्याचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन थांबले. तेथे रोगराईने शिपमन मेला, बहुतेक शिपाईही मेले. अखेर १६६५ मध्ये हम्फ्री कुक याने बेटाचा ताबा घेतला. राजाला या दूरच्या बेटातून उत्पन्न तर सोडाच, खर्चच सोसावा लागत होता. १६६८ मध्ये त्याने वर्षाला दहा पौंड भाड्यावर मुंबई कंपनीच्या हवाली केली. कंपनीच्या संचालकांनाही हे बेट व्यापारासाठी हवे होते, शहर उभारण्याचा खर्च नको होता. त्यांचे भारतातील मुख्य ठाणे सुरत होते, आणि सुरतेचा अध्यक्ष हाच मुंबईचा गव्हर्नर असे. पहिला गव्हर्नर सर जॉर्ज ऑक्झेंडन १४ जुलै १६६९ रोजी सुरतेत वारला आणि दोन्ही जबाबदाऱ्या ऑन्जियरकडे आल्या.

सुरतेत राहूनच त्याला मुंबईचे महत्त्व पटले असावे. सुरत मोगलांची होती. तेथे इंग्रज हे पाहुणे. सुभेदाराची मर्जी फिरली की व्यापार बंद. शिवाजी महाराजांनी सुरत १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये लुटली, तेव्हा मोगल सत्ता आपल्याच सर्वात श्रीमंत बंदराचे रक्षण करू शकत नाही, हे सर्व सावकारांना कळून चुकले. पैसा सुरक्षित जागा शोधत होता. ती जागा मुंबई व्हावी, असा ऑन्जियरचा सगळा खटाटोप होता. तटबंदी आणि तोफा यांनी तेवढे भागणार नाही, हे त्याने ओळखले. लोक यावेत यासाठी आधी आहेत त्यांचा विश्वास मिळवणे भाग होते.

तेथेच मोठी अडचण होती. पोर्तुगीज अमदानीत बेटावरील जमिनी फझेंदारांकडे, म्हणजे जमीनदार आणि धर्मसंस्था यांच्याकडे होत्या. सत्ता बदलल्यावर कुकने अनेकांच्या जमिनी जप्त केल्या. कोणाची जमीन कोणाची, कोणाचे हक्क खरे आणि कोणाचे बनावट, राजाचा हिस्सा किती, याचा मोठा गुंता झाला होता. जमिनीच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा सरकारचा, असा कंपनीचा दावा होता. प्रत्येक दस्तऐवज तपासून एकेक दावा निकालात काढायचा तर वर्षे गेली असती आणि निम्मे बेट शत्रू झाले असते. ऑन्जियरने तो मार्ग सोडला. १६७२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने जमीनधारकांना एकत्र बोलावून त्यांच्याशी करार केला. सर्वांनी मिळून दरवर्षी २० हजार झेराफिन, म्हणजे त्या काळच्या सुमारे १३ हजार रुपयांहून काही अधिक रक्कम कंपनीला द्यायची. कंपनीने जप्त जमिनी परत करायच्या आणि जुने दावे सोडून द्यायचे. किल्ला आणि शहर यांसाठी लागणारी जमीन घेण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला. जमीनधारकांनी बेटाच्या रक्षणासाठी माणसे देण्याचेही ठरले. काही दुरुस्त्यांसह १६७४ च्या जुलैमध्ये या करारावर शिक्कामोर्तब झाले.

ऑन्जियरचा करार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तडजोडीचे वय पाहिले तर थक्क व्हायला होते. त्यातून निघालेला पेन्शन अँड टॅक्स हा धारणाप्रकार मुंबईच्या भूमी अभिलेखांत विसाव्या शतकापर्यंत टिकून होता. येथे पेन्शन म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे. जमिनीवरील ठरीव देण्याला पोर्तुगीज भाषेत असलेल्या नावाचा तो अवशेष. अर्थात, हा करार जमीनधारकांशी होता. माडावर चढणारे भंडारी, खाचरात राबणारे कुणबी आणि समुद्रात जाणारे कोळी यांतील बहुसंख्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यामुळे त्यांचे म्हणणे त्यात फारसे उमटले नाही. ऑन्जियरच्या गौरवात ही बाब सहसा गळून जाते.

कराराच्या काही महिने आधी, ऑगस्ट १६७२ मध्ये, बेटावर पोर्तुगीज कायदा संपून इंग्रजी कायदा लागू झाला आणि ८ ऑगस्ट रोजी न्यायालयाचे उद्घाटन झाले. या दिवशी निघालेल्या मिरवणुकीचे तपशील उपलब्ध आहेत. हिरव्या पोशाखातील पन्नास भंडारी दोन-दोनच्या रांगेने पुढे होते. त्यांच्यामागे हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती यांचे प्रत्येकी वीस प्रतिनिधी चालत होते. मग गव्हर्नरचा सजवलेला घोडा, कर्णे, नगारे, घोड्यांवर बसलेले अधिकारी आणि पालखीत स्वतः ऑन्जियर. न्यायाधीशपदी जॉर्ज विलकॉक्स याची नेमणूक झाली. न्याय देताना इंग्रज, पोर्तुगीज आणि एतद्देशीय असा भेद करू नये, असा त्या दिवशीच्या भाषणाचा मथितार्थ होता. पावसाळ्यातल्या त्या मिरवणुकीत जाणूनबुजून मांडलेला एक देखावा होता, यात शंका नाही. पण देखावा कोणासाठी होता हे महत्त्वाचे. तो सुरतेच्या, दीवच्या आणि चौलच्या व्यापाऱ्यांसाठी होता. येथे तुमचा दावा ऐकला जाईल, एवढेच त्यांना सांगायचे होते. आजच्या मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ ची. या न्यायालयाशी त्याचा सरळ वंशसंबंध जोडता येत नाही. तरीही बेटावर इंग्रजी कायद्याचे न्यायदान सुरू झाले ते या दिवसापासून.

प्रत्येक समाजाला आपली पंचायत नेमण्याची आणि आपसातील तंटे तिच्यामार्फत मिटवण्याची मुभाही याच काळात मिळाली. ही उदारता नुसत्या मनाच्या मोठेपणातून आलेली नव्हती. पलीकडे वसई, ठाणे, साष्टी या पोर्तुगीज मुलखात धर्मांतराचा जाच होता, अनाथ मुले चर्चच्या ताब्यात घेतली जात होती. तेथून निघू पाहणाऱ्या माणसाला मुंबईत धर्माचे अभय मिळते ही बातमी पुरेशी होती. इतरांच्या चुकांतून आपला फायदा काढण्याचे हे व्यापारी शहाणपण होते आणि ते फळाला आले. पारशी आले, मलबार टेकडीवर त्यांचा पहिला दख्मा १६७० च्या दशकात बांधला गेला. आर्मेनियन आले, विणकर आले, वाणी आले.

यांपैकी दीवच्या नीमा पारख या व्यापाऱ्याची कहाणी सांगण्यासारखी आहे. मुंबईत येण्याआधी त्याने आपल्या अटी लेखी कळवल्या. घर आणि वखारीसाठी मोफत जागा हवी. आपल्या वाड्यात कोणीही जीवहत्या करता कामा नये. मृतांचे दहन आणि धर्माचे आचार निर्वेधपणे पाळता यावेत. पहाऱ्याची सक्ती आपल्यावर होऊ नये. युद्धाचा प्रसंग आल्यास माल ठेवायला किल्ल्यात जागा मिळावी. १६७७ च्या मार्च महिन्यात सुरतेच्या कौन्सिलने बहुतेक अटी मान्य केल्या. एक व्यापारी सरकारला अटी घालतो आणि सरकार त्या मान्य करते, हे दृश्य त्या काळच्या हिंदुस्थानात विरळाच. ऑन्जियरच्या हाताखालून गेलेल्या शेवटच्या महत्त्वाच्या कागदांपैकी तो एक होता.

मराठी वृत्तपत्राच्या वाचकाला आणखी एका गोष्टीचे कुतूहल वाटावे. सुरतेचा दलाल भीमजी पारेख याच्या आग्रहावरून कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला पाठवला. देशी लिपीत धर्मग्रंथ छापावेत, ही भीमजीची इच्छा. मुद्रकाला छपाई येत होती, पण देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची विद्या अवगत नव्हती. प्रयत्न तेथेच थांबला आणि मुंबईतली देशी छपाई पुढे शे-सव्वाशे वर्षे लांबली.

शहर वसत असताना बाहेर युद्ध पेटलेलेच होते. १६७३ च्या फेब्रुवारीत रायक्लॉफ व्हॅन गोएन्स याच्या अधिपत्याखाली डच आरमार सुमारे सहा हजार माणसांसह मुंबईसमोर येऊन ठेपले. बेटावर कसलेल्या गोऱ्या शिपायांची संख्या तुटपुंजी होती. ऑन्जियरने जमीनधारकांची आणि भंडाऱ्यांची दले उभी केली, किनाऱ्यावर तोफा चढवल्या आणि स्वतः फिरून बंदोबस्त पाहिला. डचांनी चाचपणी केली आणि हल्ला न करताच ते निघून गेले. वर्षभरापूर्वी ज्यांच्या जमिनींचा तंटा होता, तीच माणसे आता तटावर उभी होती. कराराची खरी कसोटी लागली ती त्या दिवसांत.

डच आले आणि गेले. मराठे आणि सिद्दी मात्र कायमचे शेजारी होते. मुंबईचे तांदूळ, लाकूड, सरपण समोरच्या मुख्य भूमीवरून येई. त्यातला मोठा भाग शिवाजी महाराजांच्या ताब्यात होता, आणि पोर्तुगीज ठाणे व कारंजा येथे मुंबईच्या मालावर जबर जकात घेत. त्यामुळे मराठ्यांशी सलोखा ही मुंबईच्या पोटाची गरज होती. परंतु राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई कंपनी मागत होती. त्या लुटीमागे इंग्रजांचाच आगाऊपणा होता, हेही खरे. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफा पुरवल्या होत्या. दुसरीकडे मोगलांच्या चाकरीतील जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आश्रयाला येई. त्याला नाही म्हणावे तर सुरतेच्या वखारीवर मोगलांची संक्रांत. होय म्हणावे तर महाराजांचा रोष. ऑन्जियर या दोन दगडांवर पाय ठेवून उभा होता, आणि पाय घसरू न देणे एवढेच त्याच्या हाती होते.

त्याने दूत पाठवण्याचा मार्ग धरला. १६७२ मध्ये स्टीफन अस्टिक, १६७३ मध्ये थॉमस निकोल्स आणि १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडन. कंपनीच्या पदरी असलेला दुभाषी नारायण शेणवी या वाटाघाटींत पुढे होता. ऑक्झेंडन रायगडावर पोहोचला तो राज्याभिषेकाच्या तोंडावर. ६ जून १६७४ चा तो सोहळा त्याने प्रत्यक्ष पाहिला आणि त्याच्या वृत्तांतामुळे इतिहासाला एक परकीय साक्षीदार मिळाला. त्यानंतर काही दिवसांतच तह झाला. राजापूरच्या नुकसानीपोटी दहा हजार होन देण्याचे त्यात ठरले, व्यापाराच्या सवलती मिळाल्या. सिद्दीशी समेट करावा हे ऑन्जियरचे म्हणणे मात्र महाराजांनी मानले नाही. त्यांना जंजिरा घेण्यासाठी इंग्रजांच्या तोफा हव्या होत्या आणि त्या देणे ऑन्जियरने शेवटपर्यंत टाळले. भरपाईचा बराचसा भाग कागदावरच राहिला. दोन्ही बाजू एकमेकांना पुरत्या ओळखून होत्या, असेच या व्यवहाराबद्दल म्हणावे लागेल. तरीही ऑन्जियरच्या काळात मुंबईवर मराठ्यांचा हल्ला झाला नाही.

त्याला अधिक छळले ते स्वतःच्या माणसांनी आणि मालकांनी. लंडनचे संचालक प्रत्येक खर्चावर आक्षेप घेत. तटबंदी कशाला, इतके शिपाई कशाला, असे त्यांचे प्रश्न. पगार आणि भत्त्यांवरून १६७४ मध्ये गोऱ्या शिपायांनी बंड केले. ऑन्जियरने ते काही सवलती देऊन आणि काही कठोरपणे मोडले. एका कॉर्पोरलला गोळ्या घालण्यात आल्या आणि कॅप्टन शॅक्स्टन याच्यावर कारवाई झाली. समतेच्या न्यायाची ग्वाही देणारा हा गव्हर्नर कंपनीच्या सत्तेला आव्हान मिळताच किती निष्ठुर होऊ शकतो, हे त्या प्रसंगाने दाखवले.

शिवाय हवा होती. दलदल, दमट वारे, माडांना खत म्हणून घातली जाणारी कुजकी मासळी, अशी रोगराईची अनेक कारणे त्या वेळी सांगितली जात. विलायतेतून आलेला माणूस दोन पावसाळे तरला तर नशीब, अशी स्थिती होती. कंपनीने वस्ती वाढावी म्हणून इंग्रज स्त्रियाही पाठवून पाहिल्या. बेटाच्या हवेपुढे त्या उपायाचे फारसे काही चालले नाही. भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन कोरडी केली तर रोग हटेल आणि पीकही मिळेल, हे समजत होते. पण महालक्ष्मीजवळची खिंड बुजायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

इतके असूनही लोक येतच राहिले. १६७३ च्या अखेरीस मुंबईत आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने बेटाची लोकसंख्या साठ हजारांच्या घरात असल्याचे नमूद केले आहे. पोर्तुगीजांच्या काळात ती दहा हजार मानली जाई. हे आकडे शिरगणतीचे नव्हेत, अंदाजाचे आहेत. अर्धे जरी खरे धरले, तरी वाढीचा वेग नजरेत भरतो. टांकसाळ सुरू झाली होती आणि १६७६ मध्ये राजाने रुपये पाडण्याची सनदही दिली. कुलाब्याचे बेट ताब्यात आले. त्याच वर्षी चर्चची पायाभरणी झाली. ते बांधकाम रखडले आणि आजचे सेंट थॉमस कॅथीड्रल उभे राहून त्यात प्रार्थना होऊ लागली ती १७१८ च्या नाताळात. ऑन्जियरने १६७५ मध्ये येथील ख्रिस्ती समाजाला प्रार्थनेसाठी भेट दिलेला प्याला मात्र चर्चच्याही आधी तयार होता.

१६७२ च्या पावसाळ्यापासून सलग तीन वर्षे तो मुंबईत राहिला. याच मुक्कामात त्याची प्रकृती ढासळली. १६७५ मध्ये तो सुरतेला परतला तेव्हाच आजारी होता. काम सोडून मायदेशी जाण्याची संधी त्याला लाभली नाही. ३० जून १६७७ रोजी, पावसाळा सुरू होत असताना, तो सुरतेत मरण पावला. त्याने चाळिशीही जेमतेम गाठली असावी.

त्याच्यानंतरच्या काही वर्षांत संचालकांनी काटकसरीची कुऱ्हाड चालवली. शिपाई कमी केले, पगार कापले. १६८३ च्या अखेरीस रिचर्ड केग्विन याच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या फौजेने कंपनीविरुद्ध बंड करून बेट राजाच्या नावे ताब्यात घेतले आणि जवळपास वर्षभर राखले. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले. ऑन्जियर जे सांगत होता, ते त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी मान्य झाले. लगेच १६८९ मध्ये सिद्दी याकूतने बेटावर उतरून माहीम, माझगावपर्यंतचा भाग व्यापला आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. साथी आल्या, वस्ती ओसरली. शहराला पुन्हा बाळसे धरायला अठरावे शतक लागले.

सुरतेच्या इंग्रज दफनभूमीत ऑक्झेंडन बंधूंचे घुमटाकार, दुमजली थडगे आजही उभे आहे. मोगल अमिरांशी स्पर्धा करणारा त्याचा थाट पाहायला पर्यटक जातात. ऑन्जियरची म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी कबर तेथे नाही. नाव कोरलेला दगडही नाही. डब्लिनमध्ये थोरल्या भावाने आखलेला रस्ता मात्र अजून वाहता आहे. ऑन्जियर स्ट्रीट हे त्याचे नाव गेल्या साडेतीन शतकांत बदललेले नाही.